चार बोटांची गोफण

माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं रडली ती माझी होणारी सासू. आमच्या ओसरीवर बसून ती पदर तोंडाला लावून रडली, माझ्या आईच्या, अव्वाच्या गळ्यात पडली, गूळपाणी घेतलं आणि जाता जाता सोयरीक मोडून गेली.

"पोर चांगली हाय वो तुमची," ती अव्वाला म्हणाली. "पर भाकरी कोन थापील? पाणी कोन शेंदील?"

मी दाराआड उभी होते. त्या मुलाशी लग्न करायची मला काडीची हौस नव्हती, त्याला मी पाहिलंही नव्हतं. पण पाणी कोण शेंदील हे त्या बाईनं मला विचारलं नाही. मी असले काय नि नसले काय, असं ती बोलली. त्या दिवसापासून माझ्या पोटात एक राग जाऊन बसला आणि तो पुढं कितीतरी वर्षं तिथंच राहिला. खरं सांगायचं तर त्यानंच मला जगवलं.

अंगठा बाभळीच्या काट्यानं गेला. कुंपणाला काट्या लावताना एक काटा नखाच्या कडेनं आत शिरून मोडला. आधी कांदा भाजून बांधला, मग कुणी सांगितलेला पाला बांधला. अंगठा वांग्यासारखा सुजला आणि काळा पडायला लागला, तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी गाडी जुंपली आणि मला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला आणि आप्पांना म्हणाले, "हात ठेवायचा असंल तर अंगठा सोडावा लागंल." आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला एवढंच आठवतं की आप्पांची पाठ हलत होती.

परत आले तर घर बदललेलं. घर तेच होतं, पण घरातली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली होती. मी झाडू घेतला की अव्वा हातातून काढून घ्यायची. जातं ओढायला बसले की काकू म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, तुला कसं व्हईल." शेजारणी मला बघून अव्वाला विचारायच्या, "जेवती का आपल्या हातानं?" मी समोर उभी असताना! हाताला भोक पडल्यासारखं झालं होतं हे खरंच. तांब्या धरला की निसटायचा, वेणी घालायला जमत नव्हती, पोलक्याची गुंडी लागत नव्हती. पण प्रत्येक वेळी कुणीतरी धावत यायचं आणि माझं काम करून टाकायचं. त्यामुळं काय जमतं नि काय जमत नाही, हेही मला कळेना.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. नदीकडचं आमचं एक रान होतं. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा तिथं भुईमूग व्हायचा आणि बांधावर चिंचेची जुनी झाडं होती. त्या चिंचांवर वानरांचा एक कळप राहायचा. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची वानरं. शेंगा भरायला लागल्या की ती खाली उतरायची आणि वाफेच्या वाफे उपटून टाकायची. म्हणून राखणीला माणूस लागायचं. त्या वर्षी आप्पा म्हणाले, "घरात बसून काय करायलीस? रानात जाऊन बस. वानरं तर हाकलशील." त्यांनी मला एक पोचे पडलेला डबा आणि एक काठी दिली. बाकीची राखणदार पोरं गोफण वापरायची. मला डबा.

गोफण मला माहीत होती. दोरीच्या मधोमध विणलेल्या खोप्यात दगड ठेवायचा, एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचं, डोक्यावर गरगर फिरवायची आणि नेमक्या वेळी चिमूट सोडायची. चिमूटच नाही तर सोडणार काय? शेजारच्या बांधाचे चाचा म्हातारे होते, पण गोफणीनं चिंचेचं एकच बोटूक पाडायचे. त्यांना मी एकदा म्हटलं, "चाचा, मला शिकवा की."

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि जीभ चुकचुकवली. "नक्को बेटा. तुझ्या हातचं काम न्हाय ते. डबा वाजव तू."

मग मी राखणीच्या माळ्यावर, म्हणजे लाकडी मचाणावर बसून डबा वाजवायची. पहिले काही दिवस वानरं पळाली. पुढं त्यांना कळलं की हा नुसता आवाज आहे. मी बडवत राहायची आणि ती खालीच बसून खात राहायची.

त्यात एक मादी होती. तिच्या पोटाला एक पिल्लू चिकटलेलं असायचं. एके सकाळी ती माळ्याच्या अगदी जवळच्या वाफ्यात येऊन बसली. मी काठी उचलली, आणि डबा वाजवायचं तसंच राहिलं, कारण मला तिचा हात दिसला.

तिनं भुईमुगाचा वेल धरला तो मुठीत नव्हे. चार लांब बोटांचा आकडा केला, वेल त्या आकड्यात आणि तळव्यात दाबला आणि हिसडा दिला. वेल मुळासकट वर आला. तिनं तो जमिनीवर आपटून माती झाडली. मग एकेक शेंग दोन बोटांच्या फटीत पकडून तोडली, तोंडाकडं नेली, दातानं फोडली. या सगळ्यात तिचा अंगठा मला कुठंच दिसला नाही. मी माळ्यावर पालथी पडून पाहायला लागले. अंगठा होता, पण मनगटाजवळ, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. असून नसल्यासारखा. बाजूला पडलेला.

मी माझ्या हाताकडं पाहिलं. मग परत तिच्याकडं. तिच्या हाताला कुणी बिचारा म्हणत नव्हतं. त्याच हातानं ती या फांदीवरून त्या फांदीवर झेप घ्यायची. फांदी ती घट्ट आवळतच नव्हती, बोटं नुसती अडकवायची आणि अंगाचं ओझं त्यांवर टाकून झुलायची. त्याच हातानं पिल्लाचे केस बाजूला सारून ती बारीक काहीतरी वेचायची. आणि पिल्लू आईच्या पोटाचे केस चार बोटांत धरून लोंबकळायचं. ती एवढी उडी मारायची, तरी ते सुटायचं नाही.

त्या दिवशी तिनं आमचा अख्खा वाफा खाल्ला. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "डबा वाजिवला न्हाय व्हय?"

"वाजिवला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. मी तिचं एकेक बघायची आणि एकेक करून पाहायची. आधी काठी. काठी मी आजवर मुठीत धरायला बघत होते आणि ती फिरून निसटत होती. आता बोटांचा आकडा केला, मनगट आत वळवलं आणि काठीचं टोक तळव्याच्या खालच्या गादीवर टेकवलं. काठी राहिली. मग विळा तसाच धरला. विहिरीवर कुणी नाही असं बघून पोहऱ्याची दोरी बोटांत अडकवली आणि हातानं न ओढता अंग मागं टाकून ओढली. पोहरा अर्धा सांडला, पण वर आला. शेंगा मी दोन बोटांच्या फटीत धरून तोडायला लागले. सुरुवातीला बोटांच्या मधली कातडी सोलून निघाली, मग तिथं घट्टे पडले. सुई धरायलाही पुढं हीच फट कामी आली.

गोफण मात्र चोरून करावी लागली. वळचणीला आप्पांची जुनी गोफण होती, ती मी रानात नेली. फास करंगळीशेजारच्या बोटात अडकवला आणि मोकळं टोक पहिल्या दोन बोटांच्या फटीत. फिरवली आणि बोटं कात्रीसारखी उघडली. दगड मागं गेला आणि आमच्या पाण्याच्या मडक्यावर बसला. आप्पा नेमके बांधावरून येत होते.

"हे काय करायलीस?"

"गोफण मारायलेय."

"नसता उद्योग कशाला? होत न्हाय ते सोडून द्यावं."

"व्हतंय की."

"कुठं व्हतंय? मडकं फुटलं."

"म्हंजे कशाला तरी लागला ना दगड!"

आप्पांना हसू आलं असावं, कारण ते झटकन वळले आणि बैलांकडं गेले. गोफण त्यांनी काढून घेतली नाही. मी रोज मारत राहिले. दगड कधी मागं, कधी पायाशी, कधी आभाळात. बोटं कधी उघडायची हे डोक्याला कळून उपयोग नव्हता, बोटांनाच कळावं लागत होतं. आणि एक दिवस त्यांना कळलं. दगड सरळ गेला, चिंचेच्या बुंध्यावर टण्ण वाजला. चाचांनी आपल्या रानातून मान वर करून पाहिलं.

शेंगा काढायला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळचं ऊन चढलं होतं. नदीकडनं दोन घोडी आली. एकावर अमीनसाहेब, म्हणजे आमच्या भागातला पोलिसांचा मोठा अंमलदार, दुसऱ्यावर त्यांचा कुणी पाहुणा, हातात बंदूक. मागं पायी दोन जवान. निजामाच्या राज्यात अमीन रानात आला की माणसं कामं सोडून हात जोडून उभी राहायची. आप्पा उभे राहिले, चाचा आपल्या बांधावर उभे राहिले. मी माळ्यावरच होते.

पाहुण्याला ससा हवा होता, तितर हवं होतं. सकाळपासून काही मिळालं नव्हतं, तो वैतागला होता. त्यानं वर पाहिलं. चिंचेवर कळप बसला होता.

"ये भी चलेंगे," तो म्हणाला.

अमीन हसून आप्पांकडं वळला. "फसल खाते ना ये तुम्हारी? तुम्हाराच फायदा है."

आप्पा रोज त्या वानरांना शिव्या घालायचे. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून हो निघालं नाही आणि नाहीही निघालं नाही. चाचा खाली मातीकडं बघत राहिले. पाहुणा घोड्यावरून उतरला, त्यानं बंदूक खांद्याला लावली. नळी फिरत फिरत खालच्या फांदीवर थांबली. तिथं ती मादी बसली होती. तिचा एक हात फांदीत अडकवलेला, दुसऱ्या हातात चिंचेचा पाला, आणि पोटाला पिल्लू.

मी विचार केला नाही. गोफणीत दगड होताच. फिरवली आणि सोडली. दगड पाहुण्याच्या डोक्यावरून सूं करत गेला आणि त्या फांदीच्या बुडाशी बसला. सगळं झाड एकदम हललं. वानरं भराभर उड्या मारत नदीपलीकडं निघाली. बंदूक उडाली ती पानांत. घोडं बुजलं आणि लगाम धरलेल्या जवानाला तुरीतून फरफटत घेऊन गेलं.

"किसने मारा?" अमीन ओरडला.

मी गोफण कमरेला खोचून पदराखाली घेतली. चाचांच्या कमरेला त्यांची गोफण लोंबत होती, ती सगळ्यांना दिसत होती.

दुपारी चावडीवर बोलावणं आलं. निम्मं गाव जमलं होतं. अमीन बाजेवर बसला होता, शेजारी पाटील उभे. पाहुणा मिशी पुसत होता. पाटलांनी सांगितलं की माळ्यावर ही पोरगी होती आणि बांधावर चाचा.

आप्पा पुढं झाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला, सगळ्या चावडीला दिसेल असा.

"साहेब, हिला अंगठाच न्हाय. ही काय गोफण मारंल? तांब्या बी धरता येत न्हाय हिला."

"खरं हाय," पाटील म्हणाले. "लुळी हाय बिचारी."

"व्हय, व्हय," लोक म्हणाले. चाचाही म्हणाले, "साहब, बच्ची माजूर है, हाथ से लाचार."

सगळ्यांनी ते मला वाचवण्यासाठी सांगितलं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा हात तिथं उंच धरलेला होता आणि सगळं गाव त्याच्याकडं बघून मान हलवत होतं, चुकचुकत होतं. अमीननं माझ्या हाताकडं पाहून तोंड वाकडं केलं आणि नजर फिरवली. "तो फिर तू," तो चाचांना म्हणाला. चाचा हात जोडून उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत.

"म्या मारला," मी म्हणाले.

आप्पांनी मनगट इतकं आवळलं की बोटं मुंग्यांनी भरली. "गप," ते दातांतून म्हणाले.

"लुळीबिळी काय न्हाय मी. म्याच मारला दगड."

अमीन आधी हसला. मग त्याला वाटलं, म्हाताऱ्याला वाचवायला पोरगी खोटं बोलतेय. "अच्छा," तो म्हणाला. "करके दिखा."

चावडीसमोरच्या पिंपळावर पोरांची एक फाटकी वावडी, म्हणजे पतंग, अडकून पडली होती. तिच्याकडं त्यानं बोट केलं. मी आप्पांच्या हातातून मनगट सोडवलं, गोफण काढली, फास बोटात अडकवला. सगळं गाव बघत होतं. पहिला दगड चावडीच्या कौलावर पडला, कौल फुटलं. लोक हसले. पाहुणाही हसला. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

दुसरा मारू का, असं मी विचारलं नाही. दगड उचलला, फिरवली, बोटं उघडली. वावडीच्या मधोमध भोक पडलं आणि तिची एक काडी मोडून खाली आली.

हसू थांबलं. अमीन उठून माझ्यापाशी आला. "किसने सिखाया?"

"वानरांनी," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करतेय. त्याचा चेहरा लाल झाला. माझ्या हातातली गोफण त्यानं हिसकावली, जवानाकडून चाकू घेऊन तिचे तुकडे केले. पोरीवर हात टाकायचा नव्हता म्हणून शिक्षा बापाला झाली. आप्पांना चावडीपुढं उन्हात ओणवं उभं केलं आणि पाठीवर दगड ठेवला. दिवस मावळेपर्यंत.

"तू घर जा," अमीन मला म्हणाला.

मी गेले नाही. आप्पांच्या शेजारी जाऊन मीही ओणवी उभी राहिले. माझ्या पाठीवर कुणी दगड ठेवला नाही. पण उठवलंही नाही. थोड्या वेळानं माझ्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी धापा टाकत येऊन वाकलं. चाचा होते. पाटील म्हणाले, "अहो, तुम्हाला कुणी सांगितलंय?" चाचा म्हणाले, "मेरी कमर है, मैं देख लूंगा." लोक एकेक करून पांगले, काहीजण मात्र तसेच लांब सावलीत बसून राहिले. अमीन कधी गेला ते मला वाकलेल्या मानेनं दिसलं नाही. घोड्याच्या टापा ऐकू आल्या. पाटलांनी लगेच दगड उतरवला नाही. दिवस बुडाल्यावर उतरवला.

घरी जाताना आप्पांना नीट चालता येत नव्हतं. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला. मला वाटलं, आता घरी गेल्यावर मार आहे.

"लई तोंड हाय तुला," ते म्हणाले.

मी त्यांचा हात खांद्यावर जरा वर सरकवला.

"पहिला कौलावर कसा गेला?"

"पाय लटपटले."

"हं." मग बरंच चालून झाल्यावर म्हणाले, "दुसरा बरा बसला."

अव्वा मात्र चिडली होती. तिनं आप्पांच्या पाठीला हळद-तेल लावलं आणि त्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचा राग रास्तच होता. माझ्या हट्टाची किंमत आप्पांच्या पाठीनं दिली होती, आणि ती पाठ पुढं थंडीच्या दिवसांत दुखतच राहिली. पण मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. चाचा गेले असते त्या दगडाखाली, आणि मी जन्मभर त्या चावडीवर हात वर करून उभी राहिले असते. आप्पांनीही पुन्हा कधी, कुणापुढं, 'हिला होत न्हाय' असं म्हटलं नाही. काकू एकदा जात्यावरून मला उठवायला लागली तेव्हा अव्वाच तिला म्हणाली, "बसू द्या वो तिला. थकली तर उठंल."

वानरं पाच-सहा दिवसांत परत आली. त्यांनी उपकारबिपकार काही मानले नाहीत. काढणीला उरलेल्या शेंगांत ती सगळी उतरली, ती पिल्लाची मादीही. आप्पांनी अंबाडीची नवी गोफण वळून दिली होती. मी त्या मादीच्या पायाजवळ दगड मारला, मग दुसरा, अजून जवळ. ती दात विचकून माझ्यावर खेकसली आणि एक अख्खा वेल आकड्यात धरून तीन पायांवर पळाली. तो वेल मी तिला नेऊ दिला. बाकी शेंगा आमच्या होत्या.

पुढं माझं लग्न झालं, तेर गावाच्या बाजूला दिली मला. निजामाचं राज्य तेव्हा जायच्या बेतात होतं. सासरी पहिल्याच सुगीला ज्वारी काढायला बायका रांगेनं उभ्या राहिल्या, प्रत्येकीला एकेक पात, म्हणजे कापायचा पट्टा, नेमून दिली. मोठ्या जाऊबाई प्रेमानं म्हणाल्या, "तू आपली सावलीला बस. बायकांना पाणी दे." मी पाण्याची घागर झाडाखाली ठेवली, एक विळा उचलला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. संध्याकाळी माझी पात सगळ्यांच्या मागं होती. दुसऱ्या दिवशीही मागंच होती. पण बांधापर्यंत ती मी नेली, आणि माझ्या पातीतलं एक धाटही दुसऱ्या कुणाला कापू दिलं नाही.